विसरलं की दाणा परत

ढाल अजून आमच्या चर्चमध्येच आहे. व्यासपीठाच्या उजव्या हाताला, मोठ्या ढोलाच्या वर, खिळ्याला टांगलेली. लाकडाची आहे, वर पितळी पत्रा ठोकलेला, आणि पत्र्यावर आमच्या गावाचं नाव एकाखाली एक तीनदा कोरलेलं. रविवारच्या शाळेची हजेरी आणि पाठांतर यांत सलग तीन वर्षं पहिलं आलं की ढाल त्या गावाची कायमची होते. ती मिळवायला आम्ही काय केलं, असं शेजारपाजारच्या गावांतली माणसं मला अजून विचारतात. मी उपा आहे, म्हणजे चर्चच्या मंडळीच्या वडीलधाऱ्यांपैकी एक, आणि एकवीस वर्षं रविवारच्या शाळेचा प्रमुख होतो. त्यामुळे विचारायचं तर मलाच.

आम्हा मिझो लोकांत रविवारची शाळा नुसती पोरांची नसते. ज्याला चालता येतं तो सकाळी शास्त्र शिकायला येऊन बसतो. पुढे चिमुकल्यांचा वर्ग, मग मोठ्या मुलांचे, मग तरुण, मग बाप्ये, बायका, आणि सगळ्यांत मागे म्हाताऱ्यांचा. शेवटी एकेक वर्ग उभा राहतो आणि आलेले किती, न आलेले किती ते मोठ्याने सांगितलं जातं. मग आकडा फळ्यावर लिहितात.

मी काम हाती घेतलं तेव्हा निम्मं गावही येत नव्हतं. निंदणीच्या दिवसांत तर बाक ओसच. आमची शेतं खाली डोंगरउतारावर, जंगल जाळून केलेली. घरची घरं आठवडाभर तिथल्या खोपटांत मुक्काम करतात, आणि रविवारी दोन तासांचा चढ चढून यायचं कुणाच्या जिवावर येणार नाही?

मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत मास्तर होतो. ओरडून मूल वर्गात येतं, पण शिकत नाही, हे मला माहीत होतं. मुलाच्या हातात काहीतरी पडलं पाहिजे. म्हणून मी बांबूच्या वीतभर नळ्या कापल्या, तापल्या सळीने प्रत्येकीवर एकेका मुलाचं नाव डागलं आणि त्या चर्चच्या भिंतीला ओळीने लावल्या. एक वचन तोंडपाठ म्हटलं की नळीत मक्याचा एक दाणा. महिन्याने पुन्हा विचारायचं. आलं नाही तर दाणा परत घ्यायचा. विसरलं की दाणा परत. मुलंच हे सुरात म्हणायची. दाणा परत देताना हसायची आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा मिळवायची. एखादं पोर इतकं खूश व्हायचं की दाणा गालात धरून घरी जायचं.

मोठ्यांनाही हेवा वाटायला लागला. मग त्यांच्याही नळ्या आल्या. ऐंशी वर्षांच्या पी तुआही, पी म्हणजे आजी, म्हणाल्या, "मला दाणे नकोत रे बाबा. चावायला दात कुठायत? माझ्या नळीत तपकीर भर, मग बघ कशी वचनं म्हणते ती."

हळूहळू गाव भरलं. तरुण संघाची पोरं शनिवारी घरोघर जाऊन आठवण द्यायची. शनिवारी संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी शेतावरून वर यायचं, असं गावपरिषदेनेही ठरवलं. परिषदेचा प्रमुख मला म्हणाला, "उपा, आम्हाला पाण्याच्या टाकीला दहा माणसं जमवता येत नाहीत. तुम्ही गावच्या गाव कसं हलवलंत?" मला बरं वाटलं. का वाटू नये?

पहिल्या वर्षी ढाल आली. दुसऱ्या वर्षी पुन्हा आली. पलीकडच्या डोंगरावरचा उपा लियाना बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, "तुमच्या गावात कोंबड्यासुद्धा हजेरी लावतात म्हणे." मी म्हणालो, "कोंबड्या नाही, डुकरं. कोंबड्यांना पाठांतर होत नाही." तो हसला, मीही हसलो. पण घरी येताना माझ्या डोक्यात एकच होतं. अजून एक वर्ष. ढाल यावी म्हणून मी आता मुलांकडे बघत होतो, हे मला तेव्हा कळलं नाही.

हजेरीपटात एक रकाना आजाऱ्यांच्या सुटीचा होता. प्रमुखाने तिथे सही केली की आजारी माणूस गैरहजर धरत नसत. ढालीच्या पहिल्या दोन वर्षांत मी तिथे एकही सही केली नव्हती. हे मी अभिमानाने सांगायचो. आजारी माणसांना आम्ही पाठीवर उचलून आणायचो, आणि त्यांनाही ते आवडतं असं मला वाटायचं.

आता सियामीबद्दल सांगतो.

ती कापथांगाची मुलगी. नऊ वर्षांची, काटकुळी, पुढचा एक दात अर्धा तुटलेला. कापथांगा दारूपायी चार वर्षं मंडळीच्या बाहेर होता. आमच्याकडे नियम कडक आहेत. बाहेर काढलेला माणूस चर्चमध्ये येऊन बसू शकतो, पण त्याचं नाव कुठेही नसतं. ती चार वर्षं सियामी एकटी यायची. बाप दाराशी उभा राहायचा. सगळ्या गावात तिची नळी सर्वांत जड होती. दोनशे अकरा दाणे. दर महिन्याला मी तिला कुठूनही विचारायचो आणि ती डोळे वर आढ्याकडे लावून, जणू तिथे लिहिलंय असं, घडाघडा म्हणायची. माझ्या एकावन्न वर्षांच्या शिकवण्यात असं मूल मी दुसरं पाहिलं नाही. कापथांगाने दारू सोडली तीही तिच्यामुळेच, असं त्याची बायको दारी सांगायची. घरी पिऊन आला की पोर रागवायची नाही, बाजूला बसून पाठ म्हणत राहायची. त्याला झोप यायची नाही.

तिसऱ्या वर्षी श्रावणाच्या सुमाराला, निंदणी ऐन भरात असताना, तपासणीचा रविवार आला. चर्चच्या वरच्या मंडळाचे दोन पाहुणे तपासायला येणार होते. त्यांच्यासमोर सियामी एकतीस वचनांचं अख्खं स्तोत्र म्हणणार होती. सगळं गाव हजर, आणि वर हे पाठांतर. त्यानंतर ढाल आमची कायमची झाली असती.

आदल्या दुपारी मी शेतावरून वर येणाऱ्या वाटेवर बसलो होतो. तिथे विसाव्याचा दगडी चौथरा आहे, कुणीतरी आपल्या मेलेल्या आईच्या नावाने बांधलेला. दर शनिवारी मी हजेरीपट घेऊन तिथे बसायचो. कोण वर आलं, कोण राहिलं, ते कळायचं. चार-पाच माणसं ओझी उतरवून सुपारी चघळत बसली होती. तेवढ्यात कापथांगा आला. पाठीवर टोपली, टोपलीचा पट्टा कपाळाला, आणि टोपलीत सियामी पाय पोटाशी घेऊन बसलेली. मागून दारी, तिच्या टोपलीत डोक्यापर्यंत भोपळे.

तो टेकला नाही. उभ्यानेच म्हणाला, "उपा, पोरीला ताप येतोय. एक दिवस येतो, एक दिवस जातो. काल तर बडबडत होती. जीप निघायचीय ना आत्ता? तिच्यातून खाली दवाखान्यात नेतो."

आमच्या गावात जीप एकच. मंगळवारी आणि शनिवारी दुपारी खाली जायची आणि दोन दिवसांनी परत यायची. गावातली नर्सबाई महिनाभर सुटीवर होती.

मी उठून सियामीच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं, घामेजलेलं.

"ताप कुठाय?"

"आज नाहीये. आज त्याचा जायचा दिवस."

"मग गेला म्हण की."

"उद्या येईल, उपा."

"तू डॉक्टर कधी झालास रे?"

चौथऱ्यावरची माणसं हसली. कापथांगाही ओशाळून हसला. टोपलीतून सियामी म्हणाली, "बाबा, मी नाही जाणार खाली. उद्या माझं पाठांतर आहे."

"तू गप्प बस."

"पु थुआमा, तुम्ही सांगा ना यांना." मोठ्या माणसाला आम्ही पु म्हणतो. ती मला म्हणायची तेव्हा ते आजोबा म्हटल्यासारखं वाटायचं.

कापथांगाने हजेरीपटाकडे पाहिलं. "आजाऱ्याची सूट असते ना? एवढी एक सही करा. मग आम्ही सुटलो."

पेन माझ्या खिशात होतं. मी ते काढलं नाही. मी म्हणालो, "सूट घ्यायची सवय लागली की माणूस कुठे जातो, ते तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? गेल्या वर्षी तुला परत घ्यायचं का, असं विचारलं तेव्हा पहिला हात कुणाचा वर गेला होता?"

तो खाली बघायला लागला. दारी मात्र मागून म्हणाली, "उपा, ते वेगळं आणि हे वेगळं."

"वेगळं काय त्यात? पोर स्वतः यायचं म्हणतेय. मंगळवारी मी माझ्या हाताने तिला जीपमध्ये बसवतो. नुसत्या तीन दिवसांचा प्रश्न आहे."

वर गावातून जीपचा भोंगा ऐकू आला. दोनदा वाजला. माणसं बोलवायला ड्रायव्हर नेहमी दोनदा वाजवायचा. कापथांगाने मान वर केली. तो वाट सोडून माझ्या बाजूने निघून जाईल, असं मला क्षणभर वाटलं. पण तो तसाच उभा राहिला. मग टोपली सावरून हळूहळू घराकडे चालायला लागला. मी पटावर तीन नावांपुढे खूण केली.

रविवारी सकाळी सगळं गाव आलं. पी तुआहींना नातवाने पाठुंगळी आणलं. पाहुणे पुढच्या बाकावर बसले. सियामीने निळा झगा घातला होता, केसांना तेल लावलं होतं. तिचे डोळे चमकत होते. उत्साह आहे असं मला वाटलं. शिकवणाऱ्याला मुलाच्या डोळ्यांतलं सगळं कळतं, असं मी तरुण शिक्षकांना सांगायचो.

तिने सुरुवात केली. पहिली वीस-एक वचनं न अडखळता झाली. मग ती थांबली. जीभ ओठांवरून फिरवली. मी पुढचा शब्द ओठांनी दाखवला. तिने मागचंच वचन पुन्हा म्हटलं, मग पुन्हा एकदा. मी मान हलवून "पुढे, पुढे" अशी खूण केली. मागून दारी उठायला लागली, शेजारच्या बाईने तिला खाली बसवलं. सियामी पुढे गेली. एकतिसावं वचन तिने इतक्या हळू म्हटलं की ते पहिल्या बाकालाच ऐकू आलं असेल. पण म्हटलं. ढोल वाजला. मी एकतीस दाणे मोजून ठेवले होते, ते तिच्या नळीत ओतले आणि नळी तिच्या हातात दिली.

तिच्या बोटांनी ती धरलीच नाही. नळी खाली पडली, दाणे फळ्यांच्या जमिनीवर घरंगळत गेले. मुलं हसली आणि वेचायला धावली. मुलं खाली वाकलेली असतानाच सियामी ताठ झाली, डोळे फिरले, आणि ती आडवी पडली.

जीप खालीच होती. तरुण संघाच्या पोरांनी अर्ध्या तासात बांबूची खुर्ची बांधली. आजारी माणूस असा खांद्यावर न्यायचा आणि वाटेतल्या गावांनी खांदे बदलायचे, ही आमची रीत. दवाखाना सात तासांवर. बाकी सगळे बदलत गेले, पण पुढचा बांबू कापथांगाने कुणालाच दिला नाही. मी दुसऱ्या झऱ्यापर्यंत मागे चाललो. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा एका दगडावर बसलो आणि मग परत आलो. परत आलो तेव्हा पाहुण्यांचं जेवण झालं होतं. त्यांनी प्रार्थना केली होती, निकालही लिहिला होता. फळ्यावर माझ्याच अक्षरांत होतं: एकही गैरहजर नाही.

ताप मेंदूत गेला होता. डॉक्टर कापथांगाला म्हणाला, एक दिवस आधी आणायला हवी होती. हे कापथांगाने मला कधी सांगितलं नाही. दारीने सांगितलं, तेही मी विचारल्यावर.

चोवीस दिवसांनी सियामी घरी आली. जिवंत होती. मंडळीने आभाराची प्रार्थना केली. उजवा हात आत वळला होता आणि ती पाय ओढत चालायची. मी तिच्यासमोर जाऊन बसलो. ती माझ्याकडे बघत होती, पण आढ्याकडे बघावं तशी. मी तिला अगदी पहिलं वचन म्हणून दाखवलं, चार वर्षांची असताना शिकवलेलं. तिने ते ऐकलं. मग खिडकीबाहेरच्या डुकराकडे बघायला लागली. अक्षरं गेली होती, आकडे गेले होते. आईला आई म्हणायचं, एवढंही राहिलं नव्हतं.

नाताळात ढाल आली. पाहुण्यांनी ती माझ्या हातात दिली, मी ती खिळ्याला लावली, गावाने ढोल वाजवला. मला नाही म्हणता आलं असतं. मी म्हणालो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कापथांगा माझ्या घरी आला. चुलीपाशी बसला. माझ्या बायकोने चहा दिला, तो त्याने संपवला. मग अंगरख्यातून सियामीची नळी काढून माझ्यापुढे ठेवली.

"दोनशे बेचाळीस आहेत. पोरांनी वेचलेलेही घातलेत. बघून घ्या."

"हे कशाला आणलंस, कापथांगा?"

"तुमचाच नियम आहे ना. विसरलं की दाणा परत."

तो रागाने बोलत नव्हता. रागाने बोलला असता तर मी काहीतरी उत्तर शोधलं असतं. मी नळी चुलीपासून बाजूला सरकवली. शेवटी मी जे कित्येक महिने मनात घोळवत होतो ते विचारलं. "त्या दिवशी तू माझं ऐकलंस कशाला? सरळ माझ्या बाजूने निघून का नाही गेलास? मी काय तुला धरून ठेवणार होतो?"

त्याने माझ्याकडे नवलाने पाहिलं. "उपा, तुम्ही वाटेत उभे होतात," तो म्हणाला.

मी प्रमुखपद सोडलं. लोकांना वाटलं, वय झालं. तरी फेब्रुवारीत आमच्या भागातल्या अकरा गावांच्या पुढाऱ्यांची सभा होती, तिला मला बोलावलं. लोकांमध्ये शास्त्राचं शिक्षण वाढावं म्हणून पुढाऱ्यांनी काय करावं, हा विषय होता. कायमची ढाल मिळवणारा माणूस म्हणून मी बोलायचं होतं. मी सियामीची नळी बरोबर नेली आणि सगळं सांगितलं. चौथऱ्यावरचं, पेनाचं, जीपच्या भोंग्याचं, काही लपवलं नाही. मी म्हणालो, लोकांना शिकवायचं असेल तर त्यांच्या खोपटापर्यंत तुम्ही चालत जा, त्यांना मोजायला वाटेत बसू नका. कितीजण आले हे विचारायच्या आधी जो आला नाही तो कसा आहे हे विचारा.

अध्यक्षांनी त्या लेकरासाठी लांब प्रार्थना केली. काहींनी डोळे पुसले. मग चहा झाला.

चहाला उपा लियाना माझ्याजवळ आला. माझा हात धरून म्हणाला, "फार सोसलंत." आणि मग नळी उचलून उलटसुलट बघत म्हणाला, "एक विचारू? दाणे मक्याचेच लागतात का? आमच्याकडे मक्याला फार लवकर कीड लागते. सोयाबीन चालेल?"

त्याच्यामागे आणखी दोघे उभे होते. एकाच्या हातात वही होती. नळी किती लांब, नाव शाईने लिहायचं की डागायचं, महिन्याने विचारायचं की पंधरवड्याने. मी उत्तरं दिली. का दिली, कळत नाही. कुणी विचारलं की सांगायची जन्माची सवय. पुढच्या वर्षी अकराही गावांत भिंतीला नळ्या लागल्या.

आता सियामी तेरा वर्षांची आहे. दुपारी मी त्यांच्या अंगणात जाऊन बसतो. शास्त्र शिकवत नाही. पाणी, मीठ, चूल, आई. सोमवारी तीन शब्द आले तर गुरुवारपर्यंत त्यातले दोन जातात. मग आम्ही पुन्हा बसतो. तिची नळी माझ्याकडे आहे. दाण्यांना कीड लागली आहे, हलवली की आतून पीठ गळतं. दारी मला चहा देते, पण माझ्याजवळ बसत नाही. "आई" हा शब्द परवा आला, तेव्हा दारी परसात गेली आणि बराच वेळ आत आली नाही. दुसऱ्या दिवशी तो शब्द गेला होता. मी दारीला सांगितलं नाही, पण तिला कळलं असणार.

कापथांगा दारूला पुन्हा शिवला नाही. आणि त्याने एकही रविवार चुकवलेला नाही. सियामीला टोपलीतून आणतो, चिमुकल्यांच्या बाकावर बसवतो, आणि स्वतः मागे जाऊन बसतो. आता प्रमुख माझाच एक विद्यार्थी आहे. हुशार आहे, आवाज खणखणीत आहे.

गेल्या रविवारी तो चिमुकल्यांच्या वर्गाची नावं घेत होता. पोरं "हजर, हजर" म्हणून उड्या मारत होती.

"नुनसियामी."

ती आपलं पूर्ण नाव ओळखत नाही. समोरच्या पोराच्या सदऱ्याचं बटण वळलेल्या बोटाने फिरवत होती. वर्ग थांबला. प्रमुखाने पटावरून डोळे वर केले नाहीत. पेन सुटीच्या रकान्यावर नव्हतं, मी बघत होतो.

"नुनसियामी," त्याने पुन्हा म्हटलं.

मागच्या बाकावर कापथांगा उभा राहिला.

"हजर," तो म्हणाला. प्रमुखाने वळून फळ्यावर आकडा लिहिला.